कागदी हत्तीला पहिलं बक्षीस

परवा वरणात चमकी निघाली. सोनेरी. वरणावरच्या तुपात आरामात तरंगत होती. नवऱ्याने ती चमच्याच्या टोकावर घेतली, ताटाच्या कडेला पुसली आणि पुढचा घास घेतला. "स्वल्प सोनं पोटात गेलं तर काय होतंय," म्हणाला. त्याला काही होत नाही. मला होतं. मी ताट सरकवलं आणि उठले.

चमकीचा मला जेवढा तिटकारा आहे तेवढा पालीचाही नाही. पाल हाकलली की जाते तरी. चमकी जात नाही. ती केसांत राहते, नखांत राहते, उशीच्या अभ्र्यावर राहते. एकदा दातांच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या हिरडीपाशी एक कण काढला आणि काही न बोलता ट्रेमध्ये ठेवला. त्यांच्या मनात माझ्याविषयी काय आलं असेल या विचाराने मी दोन रात्री तळमळले. बंगळूरच्या कनकपुरा रोडच्या बाजूला एक भलं मोठं अपार्टमेंट आहे, तिथल्या क्लबहाउसमध्ये मी आठवड्यातून तीन दुपारी मुलांना कला शिकवते, एवढाच या चमकीचा आणि माझा संबंध.

मुलांना शिकवायला मला आवडतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यावरून कुणाला तसं वाटणार नाही.

मुलं घाण असतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. शेंबूड पुसलेल्या हाताने माझी ओढणी धरतात, गोंद बोटांवर वाळवून त्याचं साल काढतात आणि ते साल हळूच खातात. मी बघितलं न बघितल्यासारखं करते. मला शिसारी येते ती मुलांच्या हातात मोठी माणसं जे कोंबतात त्याची. हलणारे प्लास्टिकचे डोळे, गुलाबी फोमचे बदाम, आइस्क्रीमच्या काड्या, तयार चिकटवायची फुलपाखरं. सगळ्याला प्लास्टिकच्या पिशवीचा वास. पालक हे सगळं डब्यात भरून देतात आणि संध्याकाळी त्यातलं सगळं कागदावर चिकटलेलं आहे ना ते तपासतात. त्याला ते आउटपुट म्हणतात. दोन तासांत आउटपुट निघालं नाही, तर पालकांच्या ग्रुपवर विचारणा होते. पहिल्या वर्षी मी एकदा नुसता पाऊस ऐकायला लावून रेघा काढायला लावल्या होत्या. त्या रेघांचा फोटो बघून एका वडिलांनी लिहिलं होतं, 'इज धिस कम्प्लीट?'

घरी मी कागद कापते. हे लोकांना सांगितलं की ते पुढच्या वाक्याची वाट बघत थांबतात. पुढचं वाक्य नसतं. पांढरा जाड कागद, एक ब्लेड, एक पट्टी, घडीची रेघ ओढायला स्टीलचा जुना चमचा आणि मैद्याची खळ, एवढंच माझं सामान. रंग नाही. कागद कापायचा, उचलायचा, वळवायचा, म्हणजे उजेड एका बाजूने पडून सावल्या होतात. रंगाचं काम त्या सावल्या करतात. म्हणूनच कागदावर बोटाचा एक डाग पडला, तरी दिवसभराचं काम फुकट जातं.

त्यामुळे वर्गावरून आले की मी आधी अंघोळ करते. कपडे बदलते, नखं ब्रशने घासते आणि मगच पुढच्या खोलीतल्या टेबलाला शिवते. नवरा याला 'कागदाचं सोवळं' म्हणतो. "आमच्या आजीचंसुद्धा इतकं कडक नव्हतं," असं तो आल्या-गेल्याला सांगतो. सोवळ्या-ओवळ्याच्या नावाने मी जन्मभर नाकं मुरडली, हे त्याला चांगलं माहीत आहे आणि म्हणूनच तो ते सांगतो. पण मेट्रोत उभ्या उभ्या घरी येताना माझ्या डोळ्यांसमोर तो स्वच्छ पांढरा कागद असतो, तेवढ्यावर मी ती दुपार निभावून नेते. वर्गातला गोंद त्या खोलीत गेलेला मला चालत नाही. आणि माझा कागद वर्गात कधी जात नाही.

ही दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. मी माझं काम मुलांना कधीही दाखवत नाही. शिक्षिकेने फळ्यापाशी एक सुबक हत्ती आणून ठेवला, की वर्गातली सगळी मुलं तोच हत्ती करतात, तोही वाईट. मग आपला हत्ती त्याच्यासारखा झाला नाही म्हणून रडतात. मी तोंडाने सांगते. कागदाची दिशा कशी ओळखायची, घडी कशी घालायची, पट्टीच्या कडेवरून ओढला की कागद कसा वळतो. पुढचं त्यांचं त्यांनी शोधायचं. बहुतेक मुलं शोधत नाहीत, शेजारच्याच्या कागदात बघतात. शेजारचा त्याच्या शेजारच्याच्या. असं करत करत शेवटी टेबलावर एकसारखे मोर उभे राहतात आणि त्या मोरांकडे बघून मला मळमळतं.

एक मुलगी मात्र बघत नसे. वय आठ. आई-वडील पुण्याकडचे, दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. मराठी बोलणारी टीचर मिळाली म्हणून आईने तिला माझ्याकडे घातलं होतं. कन्नड, हिंदी, इंग्रजीच्या त्या गोंगाटात ही एकटी माझ्याशी मराठीत बोलायची, तेही अगदी थोडं. माझं सांगून होण्याच्या आधीच तिने कात्री उचललेली असे. शेजारी कोण काय करतंय याची तिला फिकीर नव्हती. तिची कापाकापी वेडीवाकडी, कडा उंदराने कुरतडल्यासारख्या. पण त्या वेड्यावाकड्या कडा तिच्या स्वतःच्या होत्या, आणि आजकाल मला फक्त त्याच बघवतात. या एका मुलीचा हात कुणी बिघडवू नये, एवढंच मला त्या वर्गात वाटत असे. बाकीच्यांना मी प्रामाणिकपणे शिकवत होते. हिला मी राखत होते.

दसऱ्याच्या आधीच्या महिन्यात मुलांना हत्ती करायला सांगितला. तिने तपकिरी पार्सलचा कागद घेतला आणि तो चुरगळायला सुरुवात केली. उलगडला, परत चुरगळला. बराच वेळ तेच. आजूबाजूची मुलं हसली. मला वाटलं, कंटाळलीय. शेवटी कागद जुन्या धोतरासारखा मऊ पडला तेव्हा तिने तो कापला, वाळक्या पानांच्या गोळ्यावर पांघरला आणि माझ्याकडे बघितलं. हत्तीची कातडी होती ती. सुरकुतलेली, सैल, गुडघ्यांपाशी ओघळलेली. हत्ती उभा राहीना, तर तिने त्याला बसवला.

"बसलाय का हा?" मी विचारलं.

"दमलाय, मिस. एवढं सगळं पाठीवर घेऊन चालायचं म्हणजे."

त्या वेळी मी घरी वर्षभर हत्तीच करत होते. आमचं घराणं बंगळूरात इतकं जुनं आहे, की मूळचे कुठले विचारलं तर घरातच वाद होतो. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. नवरात्रात इथल्या रीतीप्रमाणे आम्ही पायऱ्यांवर बाहुल्या मांडतो, आणि रोज संध्याकाळी बायका-मुलं त्या बघायला येतात. त्यांना हळदीकुंकू, कोशिंबीर, थोडा खाऊ. या वर्षी सगळ्यात खालच्या पायरीवर म्हैसूरच्या दसऱ्याची मिरवणूक, जंबू सवारी, मांडायची, सगळी पांढऱ्या कागदाची, असं मी ठरवलं होतं. पुढे घोडेस्वार, मग वाजंत्री, मग निशाणं, मग सजवलेले हत्ती आणि सगळ्यांत मोठ्या हत्तीवर अंबारी. पिढ्यान्‌पिढ्यांच्या मातीच्या आणि लाकडी बाहुल्यांच्या पायाशी माझं एक काम बसणार होतं. चमकी धुऊन उरलेला सगळा वेळ मी त्यात घातला होता.

मुलीचा तो बसलेला हत्ती बघितला आणि त्या संध्याकाळी टेबलाशी आल्यावर मला माझे हत्ती साबणाच्या वड्यांसारखे दिसले. मला राग आला. आठ वर्षांच्या पोरीवर नाही, माझ्यावरच. कागदाला डाग लागू नये म्हणून मी एवढं डोळ्यांत तेल घालून जपते, तो चुरगळायचं मला कधी सुचलंच नव्हतं. पण घटस्थापना तोंडावर आली होती. मी आहेत तेच हत्ती पुरे केले.

नवरात्रात अपार्टमेंटमधल्या काही आया मुलांना घेऊन बसवनगुडीला आमच्या घरी आल्या. मी बोलावलं नव्हतं, पण बाहुल्या बघायला यायला आमंत्रण लागत नाही. त्या पायऱ्यांसमोर उभ्या राहिल्या, खालची सवारी बघितली आणि वाकून एकेक हत्ती न्याहाळायला लागल्या. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

मग एक जण म्हणाली, "हे तुम्ही केलंय?"

"हो."

"हे तुम्हाला येतं?"

मी हसले. तिला हसायचं नव्हतं. "मग मुलांना हे का नाही शिकवत? आमच्याकडे तर ते वेडेवाकडे मोर घरी येतात."

दुसरी फोटो काढता काढता म्हणाली, "बेस्ट वाला स्वतःसाठी ठेवतात, अजून काय."

ती हे गमतीने म्हणाली, पण बाकीच्या ज्या पद्धतीने एकमेकींकडे बघून हसल्या, त्यावरून हा विषय ग्रुपवर आधीच चघळून झाला असावा. फी घ्यायची, मुलांच्या हातात रद्दी द्यायची आणि खरी विद्या घरी कपाटात ठेवायची, असा त्यांचा हिशेब होता. काय सांगणार होते मी? की माझा हत्ती तुमच्या मुलांपुढे ठेवला, तर ती स्वतःचा हत्ती कधीच करणार नाहीत? ज्यांना फक्त आउटपुट कळतं त्यांच्यापुढे हे बोलायची मला किळस आली. मी कुंकवाची कोयरी उचलली.

त्या मुलीची आई सगळ्यात शेवटी पुढे आली. तिने कुंकू लावून घेतलं, वाकून नमस्कार केला आणि तिथेच, पायऱ्यांसमोर, म्हणाली, "मॅम, एक रिक्वेस्ट होती. दसरा झाला की तो अंबारीवाला हत्ती थोडे दिवस द्याल? ॲक्च्युअली हिला समोर ठेवून प्रॅक्टिस करता येईल. हिला इंटरेस्ट आहे, पण फिनिशिंग अजिबात नाहीये हो."

मुलगी आईच्या मागे उभी होती. हत्तीकडे बघत नव्हती. वरच्या पायरीवरच्या मातीच्या वाण्याकडे बघत होती, त्याच्या पोटाकडे.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. सासूबाईंनी घालून दिलेला एक नियम आमच्या घरात अजून पाळला जातो. बाहुल्या पायऱ्यांवर आहेत तोवर त्यांच्यासमोर उभं राहून कुणालाही 'नाही' म्हणायचं नाही. दरबार भरलेला असतो, दरबारातून मागणारा रिकाम्या हाताने जायचा नाही, अशी त्यामागची कल्पना. म्हणून ते नऊ दिवस आमच्या घरातली सगळी कद्रू बोलणी स्वयंपाकघरात चालतात आणि वर्गणी मागायला येणाऱ्यांना नवरा जिन्यातच गाठतो. मी देवभोळी नाही. पण सासूबाई गेल्यानंतरही हा नियम आम्ही मोडलेला नाही, आणि तो माझ्याकडून मोडावा असं मला वाटत नव्हतं. इतर कुठेही, लिफ्टमध्ये, रस्त्यावर, फोनवर तिने विचारलं असतं, तर मी ताडकन 'नाही' म्हटलं असतं. त्या बाईला नियमाची काही कल्पना नव्हती. तिने नेमकं तिथेच विचारलं.

"सरी, ठीक आहे," मी म्हटलं. "दसरा होऊ दे."

त्या गेल्यावर नवरा म्हणाला, "देऊन टाक. कागदच तो." मी त्याला जे उत्तर दिलं ते स्वयंपाकघरात जाऊन दिलं.

विजयादशमीला रीतीप्रमाणे दरबार संपल्याची खूण म्हणून एक बाहुली आडवी केली, दुसऱ्या दिवशी सगळं उतरवलं आणि हत्ती बुटांच्या खोक्यात ठेवून त्या बाईला दिला. देताना मी बजावलं, "तिच्यासमोर ठेवू नका. तुम्ही बघा, हवं तर." ती म्हणाली, "येस येस, डोंट वरी."

नोव्हेंबरात अपार्टमेंटमध्ये कर्नाटक राज्योत्सवाचा कार्यक्रम असतो. लाल-पिवळे झेंडे, लाउडस्पीकर, इडली-वड्याचे स्टॉल आणि मुलांच्या स्पर्धा. कागदकामाच्या स्पर्धेला परीक्षक म्हणून मला आणि सोसायटीच्या एका निवृत्त गृहस्थांना बसवलं होतं. हे गृहस्थ सज्जन. प्रत्येक मुलाला ते 'चेन्नागिदे' म्हणत होते, म्हणजे छान आहे. टेबलावर ठेवलेलं एकही काम मुलाने केलेलं नव्हतं, हे लांबूनच दिसत होतं. मुलांच्या हाताने इतक्या सरळ कडा निघत नाहीत. थर्माकोलचं विधानसौध होतं. त्याच्या घुमटाला बसवलेला एलईडी दिवा मुलाला बंद करता येत नव्हता आणि वडील मागून सांगत होते, "लेफ्ट, लेफ्ट." गोंद ओला होता. वास असा की माझं डोकं भणभणायला लागलं.

आणि त्या रांगेत माझा हत्ती उभा होता.

आधी मी ओळखलाच नाही. त्याच्या झुलीवर सोनेरी चमकी थापलेली होती. अंबारीच्या खांबांना लाल चमकी. आणि जिथे मी पापणीची फक्त एक चीर दिली होती, उजेड पडला की डोळा मिटल्यासारखा दिसावा म्हणून, तिथे एक हलणारा प्लास्टिकचा डोळा चिकटवला होता. टेबलाला धक्का लागला की त्यातलं काळं बुबुळ गरगर फिरायचं. चोरीची मला तेवढी चीड आली नाही. त्या बाईला पक्कं ठाऊक होतं, की मुलांचं काम दिसायला असं असतं. म्हणून तिने माझा हत्ती घेतला आणि तो मुलाचा वाटावा इतपत विद्रूप केला.

मागे मुलगी उभी होती. नवा फ्रॉक, केसांत मोगरा. तिच्यामागे आई, फोनने शूटिंग करत. आईने माझ्याकडे बघून मान डोलवली, आपण दोघी एकाच कटात असल्यासारखी.

गृहस्थ थांबले. "अरे वा, पुट्टी, हे कसं केलंस?" त्यांनी लाडाने 'छोटी' म्हणत इंग्रजीत विचारलं.

मुलीने सांगितलं. सुरुवातीला कागदाची दिशा बघायची. ज्या बाजूने तो सहज वळतो, त्या बाजूनेच घडी. घडी घालण्याआधी चमच्याच्या दांड्याने रेघ ओढून घ्यायची, म्हणजे कागद फुटत नाही. सोंड वळवायची नाही, पट्टीच्या कडेवरून कागद खाली ओढायचा, मग तो आपणहून वळतो. घाई करायची नाही. ती एकदाही अडखळली नाही. शब्द माझे होते. 'आपणहून' म्हणण्याआधी मी जरा थांबते, ते थांबणंसुद्धा तिने घेतलं होतं, इंग्रजीतसुद्धा. हिने कधी माझ्याकडे लक्ष दिलं नाही असं मी समजत होते, आणि हिच्या डोक्यात माझं सगळं शिकवणं शब्दन्‌शब्द उतरलेलं होतं. त्या भाषणात एकही चूक नव्हती. फक्त तो हत्ती तिने केलेला नव्हता.

'हा तू केलास?' हा प्रश्न माझ्या जिभेवर आला होता. विचारला असता, तर तिच्यापुढे दोनच रस्ते होते. सगळ्यांसमोर खोटं बोलायचं किंवा सगळ्यांसमोर आईला तोंडघशी पाडायचं. फोन चालू होता. झेंडे फडफडत होते. लाउडस्पीकरवर कुणी तरी कुणाची तरी कार हलवायला सांगत होतं. मुलीने माझ्याकडे बघितलं. ती घाबरलेली दिसली असती, तरी मला बरं वाटलं असतं. ती वाट बघत होती, बस. आपलं उत्तर बरोबर आलं का, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं.

"मॅडम, फर्स्ट हेच ना?" गृहस्थांनी विचारलं.

मी मान हलवली. बक्षीस माझ्या हातून दिलं. फोटोत मी हसतेय, असं नवरा म्हणतो. मी तो फोटो बघितलेला नाही.

कार्यक्रम संपल्यावर मी त्या बाईला बेसमेंटमध्ये, तिच्या गाडीपाशी गाठलं. मुलीला बाजूला बसवलं होतं, तरी मी आवाज चढवला नाही, कारण चढवला असता तर थांबला नसता.

"हे काय केलंत?" मी म्हटलं.

तिला खरंच कळलं नाही. "मॅम, तुम्हाला राग आला? अहो, सगळेच पेरेंट्स करतात. तुम्ही बघितलं ना, विधानसौध? आणि ती तुमचीच स्टुडंट आहे, म्हणजे प्राइझ तुमचंच की."

"तिचा स्वतःचा हत्ती होता. तो का नाही ठेवला?"

"तो? तो चुरगळलेला?" तिने आवाज खाली आणला, माझी लाज राखल्यासारखा. "एवढ्या लोकांसमोर तो ठेवायचा? तिने तोच लावून धरला होता, रडलीसुद्धा. मी तिला समजावलं. म्हटलं, बेटा, आधी मॅमसारखं छान यायला लागू दे, मग तुझं ठेवू. तोपर्यंत मॅमचं बघ. ऐकलं तिने. खूप समजूतदार आहे हो."

मग तिने डिकी उघडली आणि बुटांचं खोकं माझ्या हातात दिलं. "थँक यू सो मच. आम्ही अगदी जपून वापरला."

मी खोकं घेऊन क्लबहाउसच्या मागे गेले. कचऱ्याचे डबे तिथे असतात, ओला वेगळा, सुका वेगळा. चमकी, गोंद आणि प्लास्टिकचा डोळा लागलेला कागद, तो धड कुठल्याच डब्यातला नाही. तिथली झाडणारी अक्का कमरेवर हात ठेवून बघत होती. कुठे टाकू विचारलं, तर तिने खोक्यात डोकावून बघितलं आणि म्हणाली, "मला द्या, नातवाला देते." मी दिला. एक वर्षाच्या संध्याकाळी त्यात होत्या, पण त्या डोळ्यासकट तो हत्ती माझ्या घरात शिरलेला मला सहन झाला नसता. मेट्रोत बसल्यावर माझ्या तळहातावर सोनेरी कण दिसले. मी ते स्टेशन येईपर्यंत रुमालाने घासत राहिले.

वर्ग सोडून द्यावा असं त्या आठवड्यात फार वाटलं. नवराही म्हणाला, "सोड की. घरात बस, कागद काप." मी सोडला नाही. सोडायला हवा होता की नाही, अजून ठरलेलं नाही. मला एवढंच वाटत होतं, की हिला परत कागद हातात मिळाला की तिचं ती बघून घेईल. मुलं विसरतात. मोठ्यांच्या मूर्खपणाचा त्यांना फार काळ त्रास होत नाही, असं मी स्वतःला समजावत होते.

पुढच्या मंगळवारी मुद्दामच कुठलीही वस्तू सांगितली नाही. कुणाच्या घरात पाऊल टाकल्यावर आधी काय दिसतं, ते करा, म्हटलं. डबे बंद करायला लावले. प्रत्येकाला दोन कागद दिले. मुलं नेहमीप्रमाणे इकडेतिकडे बघायला लागली, मग कुणी तरी चपला कापायला घेतल्या आणि बाकीच्यांनीही चपलाच घेतल्या. मला त्याचंही फार वाईट वाटलं नाही. मी तिच्याकडे बघत होते.

तिने कात्री उचलली नव्हती. हात मांडीवर ठेवून बसली होती.

"काय गं?" मी जवळ जाऊन विचारलं. "कागद बदलून हवाय?"

"नको."

"मग? सुचत नाहीये?"

"मिस, तुम्ही आधी करा ना. मग मी बघून करते."

"मी नाही करून दाखवत, तुला माहितीये. तुझं तू कर. वाकडं झालं तरी चालेल."

"वाकडं नको," ती म्हणाली. तिच्या आवाजात हट्ट नव्हता, रुसवा नव्हता. मला समजावून सांगत होती. "तुमचं छान होतं. मी थांबते."

मी दुसऱ्या टेबलाकडे गेले. एका मुलाची कात्री अडकली होती ती सोडवली, गोंद सांडला होता तो पुसला, चपलांना चिकटवायला एकीने लपवून आणलेली फोमची फुलं काढून घेतली. मध्ये मध्ये वळून बघत होते. ती तशीच बसली होती, पाठ ताठ, हात मांडीवर. नजर शेजारच्याच्या कागदावर नाही, खिडकीबाहेरही नाही. माझ्या हातांवर. कुठल्याही शाळेत अशा मुलीला शहाणी म्हणतात.

तास संपला. मुलांनी आपापल्या चपला उचलल्या, आया दाराशी आल्या. ती माझ्यापाशी आली आणि तिने दोन्ही कोरे कागद, कोपऱ्याला कोपरा नीट जुळवून, मला परत दिले.